शितावरून चित्रपटाची परीक्षा

शाळेच्या वार्षिक अंकांत चित्रपटांविषयीं लेख यावा, ही गोष्ट कित्येक पालकांस रुचणार नाहीं, हें आम्ही जाणून आहों. अभ्यास, आरोग्य, वाचन, सदाचार असे विषय सोडून शिक्षकांनीं सिनेमाची चर्चा कां करावी, असा प्रश्न त्यांच्या मनांत येणें स्वाभाविक आहे. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्या विषयावर आमचे विद्यार्थी मधल्या सुटींत सर्वांत अधिक बोलतात, त्याच विषयावर त्यांच्या शिक्षकांनीं मौन धरणें हें शहाणपणाचें नव्हे. मुलें बोलणारच, प्रश्न एवढाच कीं, तीं स्वतः पाहून व विचार करून बोलतात, कीं दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडांत घेऊन बोलतात.

आम्ही कांहीं चित्रपटकलेचे मर्मज्ञ नव्हे. छायालेखन, संकलन इत्यादि शास्त्रांचें आम्हांस ज्ञान नाहीं. वर्षांतून चारसहा वेळां तिकीट काढून थिएटरांत बसावें, आणखी कांहीं चित्रपट सवडीनें घरीं पाहावे, आवडला तर चार मित्रांस सांगावें, न आवडला तर पैसे व्यर्थ गेले म्हणून हळहळावें, इतकाच आमचा अधिकार. परंतु साध्या प्रेक्षकासही मत असतें; किंबहुना चित्रपट त्याच्याचसाठीं काढलेले असतात. तें मत कसें बनावें, यासंबंधीं दोन शब्द लिहिण्याचा आमचा हेतु आहे.

अलीकडे आमच्या पाहण्यांत एक चमत्कारिक गोष्ट वारंवार येते. एखादा नवा चित्रपट निघाला म्हणजे "हा कोणीं पाहिला?" असें वर्गांत विचारतांच पुष्कळ हात वर होतात. "बरें, त्याचा शेवट काय आहे?" असें विचारलें म्हणजे त्यांतील बहुतेक हात हळूहळू खालीं येतात. अधिक चौकशी करतां असें आढळतें कीं, मुलांनीं ट्रेलर पाहिलेला असतो, दोन गाणीं पाहिलेलीं असतात, नायकाचीं चार वाक्यें पाठ असतात, आणि मोबाईलवर त्या चित्रपटाच्या वीसपंचवीस रील्स डोळ्यांखालून गेलेल्या असतात. चित्रपट तेवढा पाहिलेला नसतो. तथापि मत मात्र पक्कें असतें! "भारी आहे", "अगदींच टाकाऊ आहे", असे निकाल बिनदिक्कत दिले जातात. आणि पुराव्यादाखल त्या चित्रपटानें पहिल्या आठवड्यांत किती कोटि रुपये मिळविले याचा आंकडा पुढें केला जातो. वास्तविक तो आंकडा निर्मात्याच्या जमाखर्चाच्या वहींतला आहे. खानावळींत गर्दी किती झाली यावरून आमटींत मीठ बरोबर पडलें होतें कीं नाहीं, हें कसें समजणार?

यावर कोणी चतुर विद्यार्थी म्हणेल, "गुरुजी, शितावरून भाताची परीक्षा होते, ही म्हण आपणच आम्हांस शिकविली. मग तुकड्यावरून चित्रपटाची परीक्षा कां होऊं नये?" प्रश्न मार्मिक आहे, आणि त्याचें उत्तर त्या म्हणींतच आहे. पातेल्यांतील सर्व शितांस एकच पाणी आणि एकच आंच मिळालेली असते. म्हणून एक शिजलें तर सर्व शिजलीं असें समजण्यास हरकत नसते. चित्रपटाची गोष्ट निराळी. त्यांतील प्रत्येक प्रसंग वेगळ्या आंचेवर शिजलेला असतो, आणि पहिल्या प्रसंगाचा खरा अर्थ शेवटचा प्रसंग पाहिल्याशिवाय उमगत नाहीं.

श्री. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' हें याचें उत्तम उदाहरण आहे. हा चित्रपट २०१६ सालीं प्रदर्शित झाला. त्यांतील 'झिंगाट' या गाण्यावर महाराष्ट्रांतील वराती, मिरवणुकी आणि शाळाशाळांचीं स्नेहसंमेलनें नाचलीं, आणि अद्यापि तें गाणें थांबलेलें नाहीं. अजय व अतुल या बंधूंचें संगीत उत्तम आहे यांत शंका नाहीं. त्याचा कांहीं भाग अमेरिकेंत लॉस एंजेलिस येथें मोठ्या वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित करण्यांत आला होता. परंतु ज्यानें केवळ तें गाणें पाहिलें, त्याच्या मतें हा चित्रपट प्रेमाच्या व पळून जाण्याच्या मौजेचा आहे. ज्यानें तो पुरता पाहिला, त्यास ठाऊक आहे कीं, उत्तरार्धांत त्या तरुण जोडप्यास हैदराबादेसारख्या परक्या शहरांत झोपडपट्टींत राहून पोट भरावें लागतें. आणि संसार कोठें स्थिर होत आहे असें वाटतें न वाटतें तोंच, कुळाच्या व जातीच्या अभिमानानें आंधळे झालेले आप्त त्या दोघांचाही जीव घेतात. त्या अखेरच्या क्षणीं पडद्यावर संगीत नाहीं, शब्द नाहीं. एक अजाण मूल रक्तानें भरलेलीं पावलें उमटवीत चालूं लागतें. ज्या दिग्दर्शकानें आरंभीं आम्हांस नाचविलें, त्यानेंच शेवटीं आमची वाचा बंद केली. त्या नाचाचा अर्थ त्या शांततेंत आहे. शीत गोड होतें. भात कडू होता. आणि तो कडू आहे हें दाखविण्यासाठींच सारा स्वयंपाक मांडला होता. केवळ शीत चाखून उठून गेलेल्यांस हें कळावें कसें?

तुकड्यावरून मत बनविण्याची खोड मुलांनाच असते असें मात्र कोणी समजूं नये. 'छावा' या हिंदी चित्रपटाच्या वेळीं मोठ्यांनींही तेंच केलें. श्री. लक्ष्मण उतेकर यांनीं दिग्दर्शित केलेला, शिवाजी सावंत यांच्या त्याच नांवाच्या कादंबरीवर आधारलेला हा छत्रपति संभाजी महाराजांविषयींचा चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं प्रदर्शित झाला. परंतु जानेवारींत त्याचा ट्रेलर निघाला, त्यांत महाराज लेझीम खेळत असल्याचें दृश्य क्षणभर दिसलें, आणि त्या क्षणावरून मोठें वादळ उठलें. अखेर तें दृश्य वगळण्याचें दिग्दर्शकांनीं जाहीर केलें. तें ठेवणें योग्य होतें कीं वगळणें योग्य होतें, या वादांत आम्ही पडत नाहीं. आम्हांस नवल वाटलें तें याचें कीं, इतक्या तावातावानें दोन्ही बाजूंनीं बोलणाऱ्या सामान्य माणसांपैकीं कोणासही तो चित्रपट पाहावयास मिळालेला नव्हता. पुढें चित्रपट आला, तेव्हां दुसरें टोक गांठण्यांत आलें. डोळे पाणावून बाहेर पडलेले कित्येक प्रेक्षक त्यांतील प्रत्येक प्रसंग हाच इतिहास असें मानूं लागले. आमचें साधें मत असें कीं, श्री. विकी कौशल यांचें काम मनापासून केलेलें आहे. पण गलका फार आहे, आणि अखेरचीं छळाचीं दृश्यें आवश्यकतेहून लांबलीं आहेत. राहिला इतिहास. तो कादंबरींत एकदां बदलतो आणि कादंबरीवरून चित्रपट काढतांना पुन्हां बदलतो. ज्यास तो जाणून घ्यावयाचा असेल त्यानें चित्रपट संपल्यावर ग्रंथालयाची वाट धरावी. आमचे ग्रंथपाल आनंदानें कपाट उघडून देतील.

येथवर वाचून आम्ही रील्सचे शत्रु आहों असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नव्हे. लहान चित्रें कांहीं आजचीं नाहींत. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईंतील वॉटसन हॉटेलांत फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें आपल्या देशांत प्रथम दाखविण्यांत आलीं, तेव्हां त्यांतील एकेक चित्र जेमतेम एका मिनिटाचें होतें. धुंडिराज गोविंद फाळके यांनीं आपल्या उद्योगास भांडवल मिळावें म्हणून जें पहिलें चित्र तयार केलें, तेंही असेंच छोटें होतें. कुंडींत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचीं चित्रें त्यांनीं दिवसेंदिवस थोडीं थोडीं घेतलीं, आणि बीजाचा वेल होतांना लोकांस क्षणांत दाखविला. म्हणजे २०२० सालीं टिकटॉकवर आपल्या सरकारनें बंदी घातल्यानंतर त्याच वर्षीं इन्स्टाग्रामनें रील्स आणि युट्यूबनें शॉर्ट्स आपल्याकडे आणले, त्यांत लहानपणाची कल्पना नवी नव्हती. फाळक्यांचें तें चित्र लहान होतें, पण पुरें होतें. त्यास आरंभ होता, मध्य होता आणि शेवट होता. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनीं केलेल्या छोट्या चित्रफितीही अशाच पुऱ्या असतात, आणि त्या आम्ही कौतुकानें पाहतों. आमचा आक्षेप लहान वस्तूवर नसून मोठ्या वस्तूच्या फाडून काढलेल्या चिंधीवर आहे. हातरुमाल वेगळा आणि फाटक्या लुगड्याचा तुकडा वेगळा.

याच फाळक्यांची आणखी एक गोष्ट आमच्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक असावी. १९१० सालच्या सुमारास मुंबईंतील एका चित्रपटगृहांत त्यांनीं प्रभु येशूच्या चरित्राचा चित्रपट पाहिला. तो पाहत असतां, आपल्या राम-कृष्णांच्या कथाही अशाच पडद्यावर आल्या पाहिजेत, हा विचार त्यांच्या मनांत दृढ झाला, असें त्यांनींच पुढें लिहून ठेवलें आहे. ते तेवढ्यावर थांबले नाहींत. आपली पत्नी सरस्वतीबाई यांस नेऊन त्यांनीं तो चित्रपट दाखविला. पुढें या बाईंनीं अंगावरचे दागिने दिले, मंडळींस रांधून घातलें, आणि फिल्मला भोंकें पाडण्यापर्यंतचीं कामें शिकून घेतलीं. ३ मे १९१३ रोजीं 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढें आला. एका माणसानें एक चित्रपट लक्षपूर्वक पुरता पाहिला, घरच्या माणसांस सोबत नेलें आणि त्यावर विचार केला, यांतून या देशांतील एका मोठ्या कलेचा प्रारंभ झाला. पडद्यापुढें बसून अंगठ्यानें चित्रें वर सरकवीत राहिल्यानें असलें कांहीं निपजेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

मग पाहावें तरी काय? आमच्या आवडीचे दोनतीन चित्रपट सांगतों. श्री. अविनाश अरुण यांचा 'किल्ला' प्रथम सांगावासा वाटतो. वडील वारलेले, आईची बदली कोंकणांत झालेली, नवी शाळा, नवे सोबती. अकरा वर्षांच्या मुलाच्या मनाची ही गोष्ट आहे. तींत मारामारी नाहीं, कीं टाळ्या घेणारीं वाक्यें नाहींत. पाऊस आहे, समुद्र आहे, आणि एकटेपणा आहे. बर्लिन येथील चित्रपट महोत्सवांत २०१४ सालीं या चित्रपटास 'क्रिस्टल बेअर' हें पारितोषिक मिळालें, आणि तें देणारे पंच मुलेंच होतीं! परभाषेंतील मुलांनीं तो पूर्ण पाहून त्याची पारख केली, हें आमच्या मुलांनीं ध्यानांत ठेवावें. दुसरा, श्री. परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी', तोही २०१४ सालचाच. पंढरपुरांतील एका गरीब विधवेचीं मुलें वडिलांनीं तयार केलेली सायकल विकली जाऊं नये म्हणून कार्तिकीच्या यात्रेंत बांगड्यांचें दुकान मांडतात. गरिबी दाखवूनही हा चित्रपट प्रेक्षकांपुढें पदर पसरीत नाहीं. तो हंसवितो, आणि हंसतां हंसतां विचारांत पाडतो.

अगदीं अलीकडचा म्हणावा तर २०२५ सालचा 'दशावतार'. श्री. दिलीप प्रभावळकर यांनीं वयाच्या ऐंशीच्या घरांत कोंकणांतील एका वृद्ध दशावतारी नटाची भूमिका केली आहे. दृष्टि मंदावली तरी ज्याचा रंगभूमीवरील जीव सुटत नाहीं, असा हा नट पाहून आमचे डोळे भरून आले. उत्तरार्धांत कथा सूडाकडे वळते, तेथें ती आम्हांस पूर्वार्धाइतकी मोलाची वाटली नाहीं. आमच्या सहकाऱ्यांपैकीं एकांचें मत याच्या अगदीं उलट आहे. त्यांच्या मतें खरी शक्ति उत्तरार्धांतच आहे. आम्हीं दोघांनींही चित्रपट पुरता पाहिला असल्यामुळें हा वाद आठवडाभर गोडीनें चालला, आणि आम्हां दोघांसही एकमेकांपासून कांहीं शिकतां आलें. अर्धवट पाहणारांस हें सुख लाभत नाहीं. त्यांच्यांत वाद होत नाहीं, केवळ भांडण होतें.

आतां पालकांस थोडें. सिनेमा मुळींच बंद करावा, असें म्हणणाऱ्या पालकांविषयीं आम्हांस आदर आहे. पण खिशांत मोबाईल असतां ती बंदी कितपत चालते, हें त्यांचें त्यांनीं पाहावें. उलट कांहीं पालक कशासही नाहीं म्हणत नाहींत, तेंही बरें नव्हे. सरकारी प्रमाणपत्रांत २०२४ पासून 'यूए' या वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन विभाग केलेले आहेत. त्या वयाखालील मुलास चित्रपट दाखवावा कीं नाहीं, हें पालकांनीं विचार करून ठरवावें, असा त्याचा अर्थ आहे. 'छावा'स यांपैकीं १६ वर्षांचें प्रमाणपत्र होतें. तरी बालवाडींतलीं मुलें मांडीवर घेऊन मंडळी तो पाहण्यास गेली, आणि त्या मुलांच्या रडण्याच्या चित्रफिती अभिमानानें पसरविण्यांत आल्या. तें रडणें देशभक्तीचें होतें कीं भीतीचें, हें त्या लेंकरांस कोणीं विचारलें? घरीं ओटीटीवर दिसणाऱ्या चित्रपटांसही २०२१ च्या नियमांप्रमाणें वयाचे असेच दर्जे लावलेले असतात, आणि १३ वर्षे व त्यावरील दर्जाच्या चित्रपटांस कुलूप लावण्याची सोय असते. ती सोय किती घरांत वापरली जाते?

परंतु कुलपापेक्षां सोबत अधिक कामाची, असें आमचें मत आहे. २०२३ सालीं 'बाईपण भारी देवा' हा सहा बहिणींचा चित्रपट आला, तेव्हां गांवोगांवच्या स्त्रिया मंगळागौरीस जाव्या तशा नटूनथटून, घोळक्यानें थिएटरांत गेल्या. चित्रपट कांहीं ठिकाणीं पसरट आहे, असें आम्हांस वाटलें. पण आई, मावशी, लेक, सून एका रांगेंत बसून हंसतात, डोळे पुसतात आणि परततांना रिक्षांत त्याविषयीं बोलतात, ही गोष्ट चित्रपटाहूनही मोलाची होती. तिकिटें महाग झालीं आहेत, आणि पुष्कळ गांवांत थिएटरच उरलेलें नाहीं, ही अडचण खरी आहे. तथापि महिन्यांतून एका रविवारीं घरांतील सर्वांनीं आपापले मोबाईल बाजूस ठेवून एक चित्रपट आरंभापासून शेवटपर्यंत एकत्र पाहावा, आणि जेवतांना त्यावर बोलावें, यास मोठा खर्च येत नाहीं. मुलाचें मत आपल्या मताहून वेगळें निघालें तर त्यास गप्प न बसवितां "तुला असें कां वाटलें?" एवढें मात्र विचारावें.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या वस्तूसाठीं एवढा आटापिटा कशास? आमच्या परिचयाच्या एका शाळेंत घडलेली हकिगत यासाठीं सांगतों. स्नेहसंमेलनांत एका मुलीनें दहा मिनिटें उत्तम भाषण केलें. मध्यें एका ठिकाणीं ती अडखळली, एक शब्द चुकला, आणि ती गोंधळून हंसली. तेवढाच क्षण कोणीतरी मोबाईलवर टिपला व त्यास एक गमतीचें गाणें जोडून सर्वत्र पाठविला. दुसऱ्या दिवसापासून तो चुकलेला शब्द हेंच तिचें नांव झालें. ज्यांनीं तें नांव ठेवलें, त्यांतील बहुतेकांनीं तें भाषण ऐकलेलेंच नव्हतें. ती मुलगी त्यानंतर व्यासपीठावर उभी राहिली नाहीं. चित्रपटाची परीक्षा शितावरून करण्याची संवय जडली म्हणजे माणसाची परीक्षाही शितावरून होऊं लागते, आणि तेथें नुकसान तिकिटाच्या पैशांचें नसतें.

म्हणून, विद्यार्थी मित्रांनो, चित्रपट अवश्य पाहा. पण पाहाल तो पुरता पाहा. आवडला तर कां आवडला, हें दोन वाक्यांत सांगतां यावें. न आवडला तर कोठें बिघडला, हें दाखवितां यावें. ज्याचा शेवट तुम्हांस ठाऊक नाहीं, त्याविषयीं "मी अजून पाहिला नाहीं" असें म्हणण्यांत मुळींच कमीपणा नाहीं. पुढील वर्षीं वर्गांत आम्ही पुन्हां तोच प्रश्न विचारणार आहों. वर होणारे हात थोडे असले तरी चालतील. दुसऱ्या प्रश्नानंतर ते खालीं येऊं नयेत, एवढीच आमची इच्छा आहे.